गाडी तापली तर बॉनेट कसे उघडावे?

(वाशीच्या फळबाजारात आंबा पाठविणारे बागायतदार व त्यांचे वाहनचालक यांच्यासमोर हंगामाच्या तोंडावर केलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवते. खताच्या मात्रा, लागवडीचे अंतर, तणांचा बंदोबस्त हे माझे नेहमीचे विषय. आज मी गाडीच्या बॉनेटविषयी बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु माल बागेतून निघाला म्हणजे शेती संपली असे होत नाही. पेटी वाशीच्या गाळ्यावर उतरेपर्यंत ती आपलीच असते आणि ती घेऊन येणारा माणूसही आपलाच असतो. फळाला डाग पडू नये म्हणून आपण देठासह फळ काढतो, पेटीत पेंढा घालतो. तेवढीच काळजी गाडी चालविणाऱ्या माणसाच्या हाताची घ्यावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पूर्वी मुंबईला येणारी फळे क्रॉफर्ड मार्केटला आणि भाजीपाला भायखळ्याला उतरत असे. १९९६ साली हे दोन्ही बाजार नवी मुंबईत वाशीला आले. तेव्हापासून देवगड, रत्नागिरी, दापोली, अलिबाग येथला आंबा महामार्गाने थेट येथे येतो. गाडीत माल भरपूर, महिना एप्रिल-मे, हवा दमट, वाटेत चढ आणि शेवटी पनवेल-कळंबोलीपासून तुर्भ्यापर्यंत गाड्यांची गर्दी. इंजिन तापायला याहून वेगळे काही लागत नाही. आता कशेडीला बोगदा झाला आहे, त्यामुळे त्या घाटाचा चढ वाचतो. परंतु सुकेळी खिंड, कर्नाळा खिंड आणि बाजाराबाहेरची रांग अजून आहेच. उभ्या गाडीच्या रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही, म्हणून कित्येकदा गाडी घाटात न तापता रांगेत तापते.

२००३ सालची एक रात्र

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००३ सालच्या मे महिन्यात मी तेरा वर्षांची होते. सुट्टीत कोपरखैरण्याला आत्याकडे राहायला जायचे म्हणून काकांच्या पिकअपमध्ये बसले. मागे हापूसच्या साठ पेट्या होत्या. कशेडीच्या चढावर काटा वर गेला, तेव्हा काकांनी एका हॉटेलापाशी गाडी थांबविली. चहा झाला, गप्पा झाल्या, नंतर त्यांनी रेडिएटरचे झाकण काढून पाणी घातले. काहीही झाले नाही. चहा-गप्पांत पाऊण तास गेला होता आणि तेवढ्यात पाणी निवले होते, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. झाकण टॉवेलने धरले म्हणून निभावले, असे काकांना वाटले.

पहाटे आम्ही तुर्भ्याला रांगेत लागलो. रांग हलत नव्हती. अर्ध्या तासाने बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवीत होत्या आणि बाजार सुरू व्हायची वेळ होत आली होती. काका उतरले. मीही उतरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. "बाय, तू मागे हो, दोन मिनिटांचं काम आहे," असे ते म्हणाले. मी मागे झाले म्हणून वाचले. त्यांनी झाकणावर टॉवेल टाकला, दाबले आणि फिरविले. पाणी टॉवेलसकट वर उडाले. उजवा हात कोपरापर्यंत, मान आणि गालाचा काही भाग भाजला. जमलेल्या माणसांनी चांगल्या मनाने टूथपेस्ट आणून लावली. गाडीत २० लिटर पाण्याचा कॅन होता. ते पाणी हातावर ओतावे हे कोणालाच सुचले नाही. ते नंतर रेडिएटरमध्ये गेले.

आंब्याचे काय झाले? दुसऱ्या चालकाने गाडी गाळ्यावर नेली आणि माल त्याच सकाळी विकला गेला. एकही पेटी फुकट गेली नाही. काकांना मात्र त्या उजव्या हाताची मूठ नीट वळता येईना. पुढचे दोन हंगाम त्यांना झेला धरता आला नाही आणि काढणीसाठी गडी लावावा लागला. दोन मिनिटांच्या कामाचा हा हिशेब झाला.

तापलेल्या पाण्याचा स्वभाव

असे का होते हे समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. आपल्या घरातला कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण घट्ट लावून आत दाब वाढविला की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता तापते. रेडिएटरचेही तसेच आहे. त्याच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा पाहायला मिळतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जादा दाब राहू द्यायचा हे तो सांगतो. कुकरमधला दाबही साधारण एवढाच असतो. शिट्टीवर असलेल्या कुकरचे झाकण कोणतीही गृहिणी ओढून काढणार नाही. रेडिएटरच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

झाकण काढताच दाब एकदम जातो. १२० अंशांचे पाणी आता उघड्यावर आलेले असते, म्हणून त्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो. एक लिटर पाण्याची सुमारे १६०० लिटर वाफ होते. रेडिएटर आणि इंजिन मिळून सात-आठ लिटर पाणी असेल, तर त्यातले पाव लिटर जरी वाफ झाले, तरी दोनशे लिटरची दोन पिंपे भरतील एवढी वाफ त्या दोन बोटे रुंद तोंडातून बाहेर पडू पाहते आणि उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर वर नेते. टॉवेल त्याला अडवू शकत नाही. उलट गरम पाण्याने भिजलेला टॉवेल हाताला चिकटून राहतो.

वाफेचा चटका पाण्याहून वाईट असतो. एक ग्रॅम वाफ कातडीवर बसून पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. एक ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना साठ-पासष्ट कॅलरीच सोडते.

काटा चढू लागला की

काटा तांबड्या खुणेकडे जाऊ लागला की एसी असल्यास बंद करावा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. केबिनमध्ये उकडेल, पण इंजिनची काही उष्णता त्या वाटेने बाहेर जाईल. चढावर खालचा गिअर टाकून सावकाश चालावे. एवढ्याने काटा उतरला नाही, वाफ दिसू लागली किंवा बॅटरीचा दिवा लागला, तर पुढे जाऊ नये. बॅटरीचा दिवा आणि चढता काटा एकदम दिसले तर पट्टा तुटल्याचा संशय घ्यावा. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतो.

गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, शक्यतो सपाट जागी घ्यावी. वाळलेल्या गवतावर उभी करू नये. उन्हाळ्यात सायलेन्सरच्या उष्णतेने गवत पेट घेऊ शकते आणि आपल्या गाडीत लाकडी पेट्या व सुका पेंढा भरलेला असतो हे विसरू नये. इंजिन बंद करावे, हॅण्डब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, उतार असेल तर चाकाला दगड लावावा. चारी इंडिकेटर चालू करून गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. चावी काढून खिशात टाकावी. बरोबर मुले असतील तर त्यांना रहदारीपासून आणि बॉनेटपासून दूर, कठड्याच्या आत बसवावे.

वाफ की धूर?

बॉनेटला हात लावण्यापूर्वी थोडे दूर उभे राहून नीट पाहावे आणि वास घ्यावा. वाफ पांढरी असते आणि हवेत चटकन विरते. कुलंट घातलेले असेल तर किंचित गोडसर वास येतो. धूर करडा किंवा काळा असतो, विरत नाही आणि त्याला जळक्या रबराचा, प्लास्टिकचा किंवा डिझेलचा वास असतो.

धूर असेल किंवा ज्वाळा दिसत असेल तर बॉनेट उघडू नये. आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली की ती भडकून तोंडावर येते. सर्वांनी निदान शंभर फूट लांब जावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पेट्या उतरवून घेण्याच्या नादी लागू नये.

बॉनेट उघडण्याची रीत

वाफच आहे अशी खात्री झाली तरी लगेच उघडण्याची गरज नाही. वाफ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१. अंगावरचा पंचा, मफलर, ओढणी, साडीचा पदर आवरून घ्यावा. घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. काही गाड्यांचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो.

२. बॉनेटच्या पत्र्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. चटका लागण्याइतकी धग असेल तर आणखी थांबावे.

३. चालकाच्या जागेजवळ, डॅशबोर्डच्या खाली बॉनेटचा खटका असतो. तो ओढला की बॉनेट बोटभर वर उचलले जाते. त्या फटीतून उरलेली वाफ निघून जाऊ द्यावी.

४. आता गाडीच्या पुढे यावे, पण अगदी समोर वाकू नये. किंचित बाजूला उभे राहावे आणि तोंड मागे ठेवावे. बॉनेटच्या कडेखाली मध्यभागी किंवा थोडी बाजूला दुसरी कडी असते. चालत्या गाडीत बॉनेट उडू नये म्हणून ती दिलेली असते. जाड कोरडे कापड हाताला गुंडाळून ती सरकवावी किंवा उचलावी. फटीत आंधळेपणाने हात घालू नये. ही कडी कोठे आहे आणि कोणत्या बाजूला सरकते, हे घरी गाडी थंड असताना पाहून ठेवावे.

५. बॉनेट एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने आधाराची दांडी तिच्या ठरलेल्या भोकातच बसवावी. खिंडीत वारा जोराचा असतो आणि बाजूने मोठा ट्रक गेला तरी झोत येतो. दांडी नीट बसली नसेल तर बॉनेट डोक्यावर किंवा मनगटावर पडते. दांडीही तापलेली असू शकते, ती कापडानेच धरावी.

सगळ्याच गाड्यांना असे पुढे उघडणारे बॉनेट नसते. छोटा हत्ती म्हणून आपण ओळखतो त्या टाटा एसचे इंजिन सीटखाली असते. सीट उचलली की तोंड इंजिनच्या फार जवळ येते, म्हणून तेथे अधिक वेळ थांबावे. मोठ्या ट्रकची अख्खी केबिन पुढे कलते. ती पूर्ण कलून अडकल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्याखाली कोणी जाऊ नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या तर त्यांना हात लावू नये, त्यांत मोठ्या दाबाची वीज असते. ट्रॅक्टरलाही वरचे सर्व नियम लागू आहेत.

रेडिएटरचे झाकण

बॉनेट उघडले म्हणजे झाकण उघडण्याची परवानगी मिळाली असे समजू नये. ही दोन कामे वेगळी आहेत आणि दोहोंच्या मध्ये वेळ जाऊ द्यायचा आहे. इंजिन बंद केल्यापासून निदान अर्धा तास थांबावे. कडक उन्हात, भरल्या गाडीला त्याहून अधिक वेळ लागतो.

प्रथम बाजूची प्लास्टिकची बाटली पाहावी. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. काही गाड्यांत ही बाटली साधी असते आणि रेडिएटरला वेगळे झाकण असते. काही नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते आणि बाटलीच्या आट्यांच्या झाकणाखाली सगळा दाब असतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे. शंका असल्यास झाकण दाबाखाली आहे असेच धरून चालावे.

अर्ध्या तासाने रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळीजवळ हाताची मागची बाजू न्यावी. धग नसेल तर जाड कापडातून ती नळी हलकेच दाबावी. टणक लागली तर आत दाब आहे, आणखी थांबावे. मऊ लागली तर कोरड्या गोणपाटाची किंवा जाड कापडाची चार पदरी घडी झाकणावर ठेवावी, तोंड व अंग बाजूला घ्यावे आणि झाकण खाली न दाबता हळूहळू पहिल्या अडीपर्यंतच फिरवावे. सूं असा आवाज आला तर तेथेच थांबावे. आवाज पूर्ण बंद झाल्यावरच झाकण दाबून पुढे फिरवावे. आट्यांचे झाकणही असेच थोडे सैल करून, थांबून, मगच काढावे.

पाणी घालतानाही घाई करू नये. तापलेल्या इंजिनात एकदम थंडगार पाणी ओतले की धातू असमान आकसतो आणि हेडला तडा जाऊ शकतो. तो खर्च कित्येक पेट्यांचा असतो. इंजिन कोमट झाल्यावर थोडे थोडे पाणी घालावे. इंजिनवर बाहेरून पाणी मारू नये. वाटेत साधे पाणी घातले असेल तर मुक्कामाला पोचल्यावर गळती कोठे आहे ते पाहून योग्य प्रमाणात कुलंट भरून घ्यावे. कुलंट गोडसर पण विषारी असते. सांडलेले कुलंट मुले, कुत्री, गुरे यांच्या तोंडी लागू देऊ नये आणि त्याचा डबा पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवू नये.

अर्ध्या तासात माल जातो का?

हा प्रश्न माझ्या विषयाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर मी जबाबदारीने देते. चौदा आणे तयारीचा हापूस काढल्यापासून पिकायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक दिवस घेतो. त्या हिशेबात अर्धा तास काहीच नाही. सकाळचा बाजार चुकला तर एखादे वेळी भावात फरक पडेल, परंतु फळ नासणार नाही.

फळाला वेळेपेक्षा उष्णता अधिक बाधते. तापमान १० अंशांनी वाढले की फळाच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत फळाचे जे नुकसान होते, ते सावलीत हवा खेळती ठेवून थांबलेल्या गाडीत होत नाही. तेव्हा त्या अर्ध्या तासात झाकणाशी झटण्याऐवजी पुढील कामे करावीत. गाडी थांबविताना जमल्यास झाडाची किंवा पुलाची सावली पाहावी. ताडपत्रीच्या बाजू वर गुंडाळून वारा आत जाऊ द्यावा. दिवसा ऊन लागत असेल तर वरची बाजू झाकलेलीच ठेवावी. पेट्यांचे दोर पाहावेत. गाडीत पालेभाजी असेल तर तिच्यावर थोडे पाणी शिंपडावे, मात्र पिण्यापुरते, रेडिएटरपुरते आणि प्रथमोपचारापुरते पाणी आधी बाजूला ठेवावे. गाळ्यावर फोन करून उशीर होत असल्याचे कळवावे. एवढे होईपर्यंत अर्धा तास निघून जातो.

बागायतदार बंधूंनो, आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. चालकाला रस्त्यात वारंवार फोन करून "कुठे पोचलास, बाजार सुटेल" असे म्हणू नका. ती घाई शेवटी झाकणावरच्या हातात उतरते. गाडी तापली असे त्याने कळविले तर "थांब, निवू दे" एवढेच सांगा.

बॉनेट बंद करताना

आत राहिलेला पाना, फडके, पाण्याची बाटली काढून घ्यावी. बोटे व मुलांचे हात कडेवर नाहीत हे पाहावे. दांडी तिच्या खोबणीत परत बसवावी. बॉनेट साधारण फूटभर उंचीपर्यंत खाली आणून सोडावे. काही गाड्यांत ते हाताने दाबून बंद करायचे असते, ते पुस्तिकेत पाहावे. नंतर कडेला बोटे लावून वर ओढून पाहावे. हलले तर पुन्हा बंद करावे. अर्धवट अडकलेले बॉनेट वेगात वाऱ्याने उघडून काचेवर आपटते. तसे झालेच तर जोराचा ब्रेक मारू नये. बाजूच्या खिडकीतून किंवा खालच्या फटीतून रस्ता पाहत, इंडिकेटर देऊन, वेग कमी करीत डावीकडे यावे.

भाजल्यास काय करावे?

भाजलेल्या भागावर ताबडतोब साधे थंड पाणी सोडावे आणि ते २० मिनिटे सोडत राहावे. नळ नसेल तर कॅनमधले पाणी बारीक धारेने ओतावे. बर्फ लावू नये. पाणी सोडत असतानाच अंगठी, कडे, घड्याळ आणि गरम पाण्याने भिजलेले कपडे काढावेत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, तूप, माती यांपैकी काहीही लावू नये. त्याने उष्णता आत कोंडते, जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट पाहता येत नाही. फोड फोडू नयेत. जखम स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकावी.

चेहरा, डोळे, हात भाजले असतील किंवा भाग तळहातापेक्षा मोठा असेल तर घरगुती उपायांवर न थांबता रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. नवी मुंबईत ऐरोली येथे नॅशनल बर्न्स सेंटर हे भाजलेल्या रुग्णांसाठीचे खास रुग्णालय आहे. वाशीच्या बाजारापासून ते फार लांब नाही, हे गाडीवर असणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे.

घरून निघण्यापूर्वी

बॉनेट उघडण्याची उत्तम वेळ म्हणजे सकाळी, गाडी थंड असताना, आपल्या अंगणात. आठवड्यातून एकदा आणि वाशीच्या प्रत्येक फेरीपूर्वी पाच मिनिटे द्यावीत. कुलंट दोन खुणांच्या मध्ये आहे का, तेलपट्टीवर तेल बरोबर आहे का, पट्टा सैल किंवा चिरलेला नाही ना, नळ्या फुगलेल्या नाहीत ना, गाडीखाली थेंब पडलेले नाहीत ना, हे पाहावे. आपल्या गाड्या शेतातून फिरतात. रेडिएटरच्या जाळीत भुसा, पेंढ्याची कसपटे, धूळ आणि किडे बसतात आणि वारा आत जात नाही. मऊ ब्रशने किंवा हलक्या धारेने जाळी साफ करावी. जोराच्या धारेने तिच्या पात्या वाकतात.

एक सूचना खास आपल्या भागासाठी. रात्री उबेसाठी मांजर, उंदीर आणि पावसाळ्यात सापही बॉनेटखाली शिरतात. उघडण्यापूर्वी पत्र्यावर दोन-तीन थापा माराव्यात आणि आत हात घालण्याआधी बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे.

गाडीत कायम ठेवण्याच्या वस्तू थोड्याच आहेत. पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन, जाड कोरडे गोणपाट, बॅटरी, लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशामक नळकांडे. कॅनमधले निदान निम्मे पाणी माणसासाठी राखून ठेवावे.

शेवटी एक विनंती करते. आज घरी गेल्यावर गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या वर दिसेल असे, रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा : "अर्धा तास थांबा." घरात जो कोणी ही गाडी चालवितो, त्या मुलाला, पुतण्याला, गड्याला उभे करून सगळी रीत एकदा करून दाखवा. माझ्या काकांच्या पिकअपवर ते शब्द २००३ च्या पावसाळ्यात लिहिले गेले, डाव्या हाताने. आपण ते उजव्या हाताने लिहावेत, एवढीच इच्छा.